ट्रॅक्टरच्या मार्क्याचा अभिमान आणि सात-बाराचा बोजा

आमच्या तालुक्याच्या गांवीं आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं चहाच्या दुकानांत दोन घटका बसून पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, ऊसदरासंबंधीं जितका वाद होत नाहीं तितका ट्रॅक्टरच्या मार्क्यासंबंधीं होतो. एक म्हणतो, तांबडा तोच खरा. दुसरा निळ्याची बाजू घेतो. तिसरा हिरव्या ट्रॅक्टरचें गुणवर्णन सुरू करतो. व अखेरीस कोणाच्याहि मतांत रेसभर फरक न पडतां मंडळी उठून जातात. या वादांत आम्हीं एक गोष्ट नेहमीं पाहिली. ज्याच्या घरीं जो मार्का आहे तोच त्याला उत्तम वाटतो, आणि ज्याच्या घरीं ट्रॅक्टर नाहीं तो आपल्या सासऱ्याच्या अगर मामाच्या मार्क्यासाठीं भांडतो.

आम्ही महसूल खात्यांत तहसील कचेरींत कारकुनी करून वयाच्या ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. यंत्रशास्त्राचें ज्ञान आम्हांस नाहीं, व तें असल्याचा आवहि आम्ही आणीत नाहीं. परंतु ट्रॅक्टर घरीं आल्यानंतर त्याचें जें प्रतिबिंब सरकारी कागदावर पडतें तें आम्हीं तीसाहून अधिक वर्षें पाहिलें आहे. ट्रॅक्टर स्वतः तर बँकेकडे तारण असतोच. त्याखेरीज पुष्कळ प्रकरणीं जमीनहि गहाण दिली जाते. बँकेचें पत्र येतें, तलाठी फेरफार धरतो, आणि सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत बँकेचें नांव व कर्जाची रक्कम बोजा म्हणून चढते. ट्रॅक्टरचा रंग त्या रकान्यांत लिहावयाचा नसतो. यामुळें मार्क्याच्या अभिमानाचा हा विषय चहाच्या दुकानांतला असला तरी त्याची किंमत जमिनीला मोजावी लागते, आणि म्हणूनच त्याचा कांहींसा विचार या मासिकाच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा अभिमान निव्वळ वेडेपणाचा नाहीं. शेतकरी बियाणें दरवर्षीं घेतो. एके वर्षीं फसला तर दुसऱ्या वर्षीं बदलतो. ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षांतून एकदां घ्यावयाचा, तोहि कर्ज काढून. तेथें प्रयोग करून पाहण्याची सोय नाहीं. अशा वेळीं जें यंत्र शेजाऱ्याच्या शेतांत आठ वर्षें चाललेलें आपण पाहिलें, ज्याची दुरुस्ती गांवचा मिस्त्री डोळे झांकून करतो, ज्याचा क्लच व गिअर आपल्या पायाहातांस ठाऊक आहे, तेंच पुन्हां घ्यावें असें वाटणें स्वाभाविक आहे. गांवांत एकाच मार्क्याचे वीस ट्रॅक्टर असले म्हणजे एखादा सुटा भाग रात्रीं अपरात्रीं शेजाऱ्याकडून मागून आणतां येतो. जुना ट्रॅक्टर विकतांना ओळखीच्या मार्क्यास गिऱ्हाईकहि लवकर मिळतें. हीं सर्व कारणें खरीं आहेत व पैशाच्या हिशेबांत बसणारीं आहेत. मात्र यांतील प्रत्येक कारण मार्क्याचें नसून त्या मार्क्याभोंवतीं जमलेल्या व्यवस्थेचें आहे. मिस्त्री, सुटे भाग, शेजारी, दुकान ही ती व्यवस्था होय. ती मोडली तर नुसता मार्का पत्र्यावरील रंगापुरता उरतो. हा भेद आपण विसरतों, व तेथेंच फसतों.

आमच्याकडे बेंदराच्या दिवशीं आतां बैलांबरोबर ट्रॅक्टरलाहि झूल घालतात, शिंगें नसल्यामुळें बॉनेटला बेगड लावतात. यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु जो शेतकरी खरसुंडीच्या जत्रेंत खिलार खोंड घेतांना दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, भोंवरा कोठें आहे तें पाहतो, आणि विकणाऱ्याच्या गोड बोलण्याकडे मुळींच लक्ष देत नाहीं, तोच शेतकरी त्याच्या पांचपट किंमतीचें यंत्र दुकानांतील खुर्चीवर बसून, सरबत पिऊन, केवळ रंगावरून ठरवितो, हें मात्र चमत्कारिक आहे.

विश्वास बसावयास वेळ लागतो, याचें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला; तीच आजची किर्लोस्करवाडी. त्यांनीं लोखंडी नांगर विकावयास काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, व पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें हाच नांगर घरोघर झाला. हा फरक जाहिरातीनें झाला नाहीं. शेजाऱ्याच्या रानांतील नांगरट व त्या रानांतील पीक लोकांनीं पाहिलें, आणि मग नांवावर विश्वास बसला. काम आधीं आणि नांव मागून, असा तो क्रम होता. आपण आज हा क्रम पुष्कळदां उलटा करतों.

आतां ज्या मार्क्यांसाठीं आपण भांडतों त्यांची कुळकथा थोडक्यांत पाहूं. भारतांत बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ सालीं फरिदाबाद येथें आयशर कंपनीनें जर्मन आयशरच्या सहकार्यानें काढला. १९६० सालीं मद्रासेस टाफे ही कंपनी मॅसी फर्ग्युसनशीं संबंध जोडून निघाली. १९६३ सालीं महिंद्रांनीं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारींत कंपनी काढली व कांदिवलीच्या कारखान्यांतून त्यांचा बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडला. एस्कॉर्ट्सनें फोर्डशीं करार करून १९७१ पासून फरिदाबादेस फोर्ड ट्रॅक्टर बनविले. सरकारी एच्.एम्.टी. कारखान्यानें पिंजोर येथें चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या नमुन्यावर ट्रॅक्टर काढले. पंजाब ट्रॅक्टर्सनें मात्र परक्याचा करार न घेतां दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेनें आंखलेला स्वराज ट्रॅक्टर १९७४ सालीं बाजारांत आणला. या एका गोष्टीबद्दल त्या मंडळींचें कौतुक केलें पाहिजे.

परंतु पुढें काय झालें तें पाहा. फोर्डनें आपला ट्रॅक्टरचा धंदा १९९१ पासून इटलीच्या फियाटकडे सोपविला. त्यामुळें फोर्ड हें नांव ट्रॅक्टरवरून हळूहळू नाहींसें झालें, आणि एस्कॉर्ट्सच्या ट्रॅक्टरांस फार्मट्रॅक हें नांव मिळालें. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ सालीं टाफेनें विकत घेतला. स्वराज २००७ सालीं महिंद्रांकडे गेला. एच्.एम्.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला. एस्कॉर्ट्स २०२२ सालीं जपानच्या कुबोटाच्या ताब्यांत जाऊन एस्कॉर्ट्स कुबोटा झाली. मॅसी फर्ग्युसन या नांवाचा तर अमेरिकन मालक व टाफे यांच्यांत २०२४ सालीं कोर्टकज्जा झाला, आणि २०२५ सालीं तडजोड होऊन हिंदुस्थानापुरतें तें नांव टाफेच्या मालकीचें झालें. म्हणजे स्वराजवाला व महिंद्रावाला जेव्हां एकमेकांची टर उडवितात, अगर आयशरवाला मॅसीवाल्याशीं पैज लावतो, तेव्हां दोघांचाहि पैसा अखेरीस एकाच तिजोरींत जातो. इतकेंच नव्हे, तर स्वराजचें इंजिन ज्या कंपनींत तयार होतें ती १९८५ सालीं निघाली तेव्हां तिच्या स्थापनेंत किर्लोस्करांच्या तेल-इंजिन कंपनीचा हात होता! मालक एक झाला म्हणून दोन्ही यंत्रें एक झालीं असें आमचें म्हणणें नाहीं. दोन्हींचे कारखाने, आंखणी व सुटे भाग निरनिराळे असूं शकतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वडिलांनीं ज्या नांवावर विश्वास ठेवला त्या नांवामागचीं माणसें व यंत्र तींच आहेत, असें न विचारतां धरून चालूं नये.

नांवावर भुलण्याचा रोग आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत विल्मट क्रोझिअर नांवाचा शेतकरी होता. त्यानें सुमारें १९१६ सालीं ‘फोर्ड’ या नांवाचा ट्रॅक्टर घेतला. मोटारीमुळें हेन्री फोर्डचें नांव त्या वेळीं घरोघर झालेलें होतें. परंतु हा ट्रॅक्टर त्याचा नव्हता. मिनिआपोलिस शहरांतील कांहीं मंडळींनीं फोर्ड आडनांवाचा एक इसम हाताशीं धरून त्याच्या नांवानें कंपनी काढली होती. खऱ्या फोर्डनें पुढें ट्रॅक्टर काढला तेव्हां त्याला ‘फोर्डसन’ असें नांव द्यावें लागलें, त्याचें एक कारण हें सांगतात. क्रोझिअरचें यंत्र अर्थात् कुचकामी निघालें. दुसऱ्या मार्क्याचें एक जुनें यंत्र घेतलें, तेंहि धड चाललें नाहीं. तिसरें, रम्ली कंपनीचें यंत्र मात्र जाहिरातींत लिहिलें होतें त्याहून अधिक काम देऊं लागलें. या तीन अनुभवांवरून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, चांगलें यंत्र बनतां येतें, परंतु कोणतें चांगलें हें शेतकऱ्याला घेण्यापूर्वीं कळण्याचा मार्ग नाहीं. पुढें तो तेथील विधिमंडळांत निवडून गेला, व त्याच्या खटपटीनें १९१९ सालीं कायदा झाला कीं, विद्यापीठानें परीक्षा घेतल्यावांचून कोणताहि ट्रॅक्टर त्या संस्थानांत विकूं नये, परीक्षेचा निकाल जाहिरातीशीं ताडून पाहावा, आणि विकणाऱ्यानें सुट्या भागांचा सांठा संस्थानांतच ठेवावा. १९२० पासून लिंकन येथें या परीक्षा सुरू झाल्या. आम्हांस या कायद्यांतील सुट्या भागांचें कलम सर्वांत शहाणपणाचें वाटतें. तें शेतकऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सुचलेंच नसतें.

त्याच देशांतील दुसरी हकीकत मोठ्या कंपनीची आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे तांबडे ट्रॅक्टर व जॉन डीअरचे हिरवे ट्रॅक्टर यांचे तेथें दोन पंथच होते. मुलगा बापाच्याच रंगाचा ट्रॅक्टर घेई. तांबड्या कंपनीनें १९५८ सालीं ५६० या क्रमांकाचा नवा ट्रॅक्टर काढला. इंजिन सहा सिलिंडरचें, पूर्वींहून पुष्कळ जोरदार. परंतु मागच्या चाकांकडे शक्ति पोंचविणारे दांते जवळजवळ १९३९ सालच्या जुन्या ट्रॅक्टरच्याच मापाचे ठेवले. नवा जोर जुन्या दांत्यांस सोसेना. ऐन कामांत ते तुटूं लागले, व १९५९ सालीं कंपनीस हजारों ट्रॅक्टर परत बोलावून दुरुस्त करून द्यावे लागले. पिढीजाद गिऱ्हाइकांचें मन एकदां विटलें तें विटलेंच. पुढच्या वर्षीं हिरव्या कंपनीनें अगदीं नवीन आंखणीचे ट्रॅक्टर काढले, व पुष्कळ घराण्यांनीं रंग बदलला. १९८५ सालीं तर तांबड्या कंपनीचा शेतकी विभाग केस या कंपनींत मिसळून गेला. तिचा आपल्याकडील भागीदार मात्र पुढें संख्येच्या मानानें जगांत पहिला झाला, ही दैवाची गंमत.

हिरव्या पंथाचेंहि पुढें सारें सुरळीत चाललें असें समजूं नये. यंत्रांत संगणक बसल्यापासून दुरुस्तीची किल्ली कंपनीच्या हातीं गेली, व ज्यानें चार पिढ्या एकच रंग घेतला त्याला स्वतःच्या यंत्रास स्वतः हात लावण्याची मुभा राहिली नाहीं, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार वाढली. २०२३ च्या जानेवारींत त्या कंपनीला शेतकऱ्यांच्या संघाशीं दुरुस्तीबाबत करार करावा लागला, व २०२५ च्या जानेवारींत तेथील सरकारच्या व्यापार-नियंत्रक खात्यानें तिच्यावर दावाहि लावला. आपल्याकडील ट्रॅक्टरांत अजून मिस्त्रीच्या पान्यास पुष्कळ जागा आहे. परंतु नवीन मोठ्या यंत्रांबद्दल हा प्रश्न खरेदीपूर्वींच विचारून ठेवावा.

दूरच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आतां घरची सांगतों. आमच्या वडिलांनीं, म्हणजे तात्यांनीं, १९८४ सालीं भूविकास बँकेचें कर्ज काढून एका मार्क्याचा ट्रॅक्टर घेतला. तो पंचवीस वर्षें चालला. त्याच्यावर आमचें शिक्षण झालें, बहिणींचीं लग्नें झालीं. २००९ सालीं तो निकामी झाला तेव्हां आमचे थोरले बंधु नवीन घ्यावयास निघाले. आम्हीं सहज म्हटलें, “दादा, आणखी दोन दुकानांत चौकशी करून पाहूं या का?” त्यावर दादा म्हणाले, “तात्यांनीं ज्या ट्रॅक्टरवर तुझी शाळा केली, तो सोडून दुसऱ्याच्या दारांत कशाला जायचं रं?” आम्ही गप्प बसलों. जें ते बोलले तें खरें होतें, आणि खऱ्या गोष्टीला उत्तर देणें कठीण जातें.

नांव तेंच होतें, रंगहि तोच होता. परंतु मधल्या काळांत त्या कंपनीची मालकी बदलली होती, गिअर-पेटीची आंखणी नवी होती, आणि आमच्या जिल्ह्यांत तिचा खप इतका घटला होता कीं, दोन वर्षांच्या आंतच तालुक्यांतील दुकान बंद पडलें. तिसऱ्या वर्षीं माघ महिन्यांत, ऊसतोड ऐन भरांत असतांना, कारखान्यास ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या गिअर-पेटींतील एक पिनियन तुटलें. वस्तु हाताच्या मुठींत मावणारी. ती मिळावयास चौतीस दिवस लागले. वाहतुकीचा करार गेला, उचल अंगावर राहिली, व दोन हप्ते थकले. पुढील वर्षीं बँकेची नोटीस निघाली. तिची एक प्रत आमच्या कचेरींत ज्या टपालांतून आली तें टपाल आवक नोंदवहींत चढविण्याचें काम त्या आठवड्यांत आमच्याकडेच होतें. दादांचें नांव आम्हीं आपल्या हातानें लिहिलें. अखेरीस ओढ्याकडील तीस गुंठे विकून तें कर्ज फेडलें. कंपनीचें नांव आम्ही येथें घेत नाहीं; कारण दुकान बंद होणार हें समजण्यासारखें होतें, आणि तें आम्हीं विचारलें नाहीं. त्या वर्षीं तालुक्यांत त्या मार्क्याचे किती ट्रॅक्टर विकले गेले, एवढा एकच प्रश्न पुरेसा होता.

म्हणून चौकशी कशी करावी याबद्दल आम्हांस जें नंतर कळलें तें सांगतों. मध्यप्रदेशांत नर्मदाकांठीं बुदनी येथें केंद्र सरकारची ट्रॅक्टर-परीक्षेची संस्था १९५५ पासून आहे. तेथें परीक्षा झालेल्या प्रत्येक नमुन्याचा अहवाल निघतो. दुकानदाराकडे तो मागावा. नाहीं म्हणाला तर त्यावरूनहि कांहीं कळतेंच. अहवाल पाहून घाबरूं नये. त्यांतील तीन-चार आंकडे आपल्या कामाचे असतात. पहिला, पी.टी.ओ.ची अश्वशक्ति. बॉनेटवर लिहिलेली शक्ति इंजिनाची असते. रोटावेटरला मिळते ती पी.टी.ओ.ची, आणि ती नेहमीं कमी असते. दोन मार्के ताडावयाचे तर पी.टी.ओ.ची शक्ति पी.टी.ओ.शींच ताडावी. दुसरा, हायड्रॉलिकची उचलण्याची ताकद. हीहि कोणत्या जागीं मोजली तें पाहावें, कारण जोडाच्या टोंकाशीं मोजली तर अधिक भरते व मागें अवजाराच्या अंतरावर मोजली तर कमी. तिसरा, ठराविक शक्तीमागें दर तासास जळणाऱ्या डिझेलचा आंकडा. यांत दिसावयास लहान असलेला फरक वर्षाअखेर किती होतो तें पाहा. समजा, दोन ट्रॅक्टरांत दर किलोवॅट-तासामागें २५ ग्रॅमचा फरक आहे, व आपलें काम सरासरी २५ अश्वशक्तीचें, म्हणजे सुमारें १८.६ किलोवॅटचें आहे. तासाला ४६५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटराहून थोडें अधिक डिझेल जादा जळलें. वर्षाला ६०० तास धरले तर सुमारें ३३५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ३०,००० रुपयांवर रक्कम गेली. दुकानदार दसऱ्यास अगर पाडव्यास जी सूट व जी भांड्यांची भेट देतो तिच्याशीं ही रक्कम ताडून पाहावी.

अवजारांबद्दल एक गैरसमज आहे कीं, घरचा नांगर व रोटावेटर एका मार्क्याचा, म्हणून ट्रॅक्टरहि त्याच मार्क्याचा पाहिजे. हें खरें नाहीं. हॅरी फर्ग्युसनच्या आंखणीवरून जी तीन टोंकांची जोडणी १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर पसरली तीच आज सर्वत्र रूढ आहे; तिच्या पिनांचें माप कोणत्या वर्गाचें आहे एवढें जुळलें कीं, कोणतेंहि अवजार कोणत्याहि रंगाला लागतें. पी.टी.ओ.चे मिनिटाचे ५४० फेरेहि तसेच सर्वमान्य आहेत.

अहवालापेक्षांहि उपयोगी चौकशी आपल्या पंचक्रोशींतच होते. ज्याचा ट्रॅक्टर तीन हजार तासांवर चालला आहे अशा दोन-तीन माणसांस भेटावें. नवीन घेतलेल्यास विचारूं नये. तो आपल्या खरेदीची बाजू घेणारच. मिस्त्रीला विचारावें कीं, कोणत्या मार्क्याचीं कामें त्याच्याकडे वारंवार येतात व कोणता भाग वारंवार जातो. मग दुकानांत जाऊन क्लचप्लेट, हायड्रॉलिक पंपाचा संच, फिल्टर, स्टार्टर अशा पांच-सहा भागांची किंमत विचारावी, व ते भाग फळीवर आहेत कीं पुण्याहून मागवावयाचे आहेत तें डोळ्यांनीं पाहावें. चाचणी आपल्याच रानांत, आपल्याच नांगरानें, वाफशावर घ्यावी. कृष्णाकांठच्या काळ्या चिकण जमिनींत जो ट्रॅक्टर दमतो तो माळावरच्या मुरमाड रानांत पळतो, आणि दुकानदार चाचणीसाठीं नेहमीं मुरमाड रान शोधतो.

हप्त्याचा हिशेबहि घरीं बसून आधींच करावा. ८,००,००० रुपयांच्या ट्रॅक्टरवर २,००,००० रोख भरले व ६,००,००० रुपये शेंकडा १२ व्याजानें पांच वर्षांत सहामाही हप्त्यांनीं फेडावयाचे ठरले, तर हप्ता सुमारें ८१,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १,६३,००० रुपये होतो. ट्रॅक्टर वर्षांत ६०० तास चालला तर तासामागें २७२ रुपये, व ३०० तासच चालला तर ५४३ रुपये केवळ हप्त्याचे पडतात. डिझेल, चालक, टायर निराळे. पांच-सहा एकरांच्या धन्यानें हा आंकडा भाड्याच्या ट्रॅक्टरच्या दराशेजारीं मांडून पाहावा. कोणता मार्का घ्यावा या प्रश्नाआधीं घ्यावा कीं नाहीं हा प्रश्न येतो, व तो आपण वगळतों. कारण शेजाऱ्याच्या दारांत उभा असलेला ट्रॅक्टर आपल्याला तो विचारूं देत नाहीं.

माल वाहण्याच्या गाड्यांसंबंधीं फारसें लिहावयाचें कारण नाहीं. टाटांची ४०७ ही १९८६ सालीं निघालेली गाडी, व २००५ सालीं निघालेली, लोकांनीं ‘छोटा हत्ती’ असें नांव दिलेली लहान गाडी, या दोहोंनीं भाजीपाल्याची व दुधाची वाहतूक पुष्कळ बदलली. महिंद्रांच्या पिकअपनेंहि तेंच केलें. टोमॅटो भरून रात्रीं वाशीच्या बाजारास निघालेली गाडी घाटांत बंद पडली तर वाटेवरील कोणत्याहि मिस्त्रीस तिची ओळख असावी लागते, म्हणून गाडीच्या बाबतींत जो मार्का रस्त्यावर अधिक दिसतो तो घेण्यांत ट्रॅक्टरपेक्षां अधिक अर्थ आहे. मात्र गाडी भाड्यानें धांवली तरच परवडते. वर्षांतून चाळीस फेऱ्यांसाठीं ती दारांत बांधून ठेवणें म्हणजे भाकड म्हैस पोसणें होय.

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें ट्रॅक्टर घेतला. तीन दुकानें फिरला, दोन अहवाल आणले, ओढ्याच्या अलीकडच्या रानांत दोन दिवस चाचण्या घेतल्या. दादा बांधावर बसून पाहत होते. शेवटीं म्हणाले, “तुला जो बरा वाटेल तो घे बाबा, पण कागद तुझ्या काकाला दाखव.” तो कागद आम्हीं पाहिला, व त्यांत जमीन तारण न देतां केवळ ट्रॅक्टरच्या तारणावर कर्ज मिळत असल्याचें पाहून व्याज अर्धा टक्का अधिक असूनहि तेंच पत्करावें असें सांगितलें.

एक गोष्ट कचेरींतील अनुभवावरून सांगून हा लेख पुरा करतों. कर्ज फिटलें कीं, शेतकरी पेढे वांटतो आणि कागद विसरतो. बँकेकडून बेबाकीचा दाखला व बोजा कमी करण्याचें पत्र त्याच दिवशीं मागून घ्यावें. पत्र तलाठ्याकडे देऊन फेरफार धरावयास लावावा, मंडळ अधिकाऱ्यानें तो मंजूर केल्यावर नवीन सात-बारा काढून ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतः वाचावा. तसेंच ट्रॅक्टरच्या नोंदणी-पुस्तकावर बँकेचें नांव असतें. तें परिवहन कचेरींत अर्ज देऊन कमी करून घ्यावें, नाहींतर ट्रॅक्टर विकतांना अडचण येते. आमच्या कचेरींत अशीं प्रकरणें आम्हीं पाहिलीं आहेत कीं, कर्ज फिटून वीस वर्षें झालीं, बँकेची ती शाखा बंद झाली, कर्ज घेणारा वारला, ट्रॅक्टर भंगारांत गेला, आणि बोजा मात्र उताऱ्यावर तसाच. वारसांस मग दाखल्यासाठीं दोन-दोन वर्षें हेलपाटे घालावे लागतात. ज्यांच्या उताऱ्यावर असा जुना बोजा असेल त्यांनीं येत्या सुगीपूर्वीं तो कमी करून घ्यावा.